यंत्राची परीक्षा कोणी घ्यायची?

आपल्याकडे गावात नवे यंत्र आले की त्याचे थाटात स्वागत होते. नारळ फुटतो, फीत कापली जाते, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. गेल्या काही वर्षांत सातारा-सांगली भागात महिला दिनाच्या आगेमागे होणाऱ्या आरोग्य शिबिरांत अशी यंत्रे नेमाने दिसू लागली आहेत. कधी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढणारी गाडी येते. कधी अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा आणि त्याला जोडलेला संगणक येतो, आणि हात न लावता कर्करोग ओळखू असे सांगितले जाते. बायका रांग लावतात. ‘फुकट आहे ना?’ आणि ‘आत बाईच आहे ना?’ हे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ते योग्यच आहेत. पण तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आयोजक नाहीत, सरपंच नाहीत आणि आपल्यासारख्या कार्यकर्त्याही नाहीत. या यंत्राची परीक्षा झाली आहे का? झाली असेल तर ती कोणी घेतली, कोणत्या बायकांवर घेतली आणि पुढे त्या बायकांचे काय झाले?

हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणाऱ्या एका डॉक्टर-संशोधकाच्या कामाविषयी मला लिहायचे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा हे त्यांचे नाव. स्तनाच्या कर्करोगाचे शल्यविशारद असूनही त्यांचे मोठे काम शस्त्रक्रियेच्या टेबलापासून दूर, मुंबईच्या वस्त्यांमध्ये झाले. हा विषय डॉक्टरांचा आहे, त्यात आपण कशाला पडायचे, असे काही मैत्रिणींना वाटेल. पण मैत्रिणींनो, यंत्रासमोर उभे राहायचे आहे ते आपल्यालाच.

शरीराच्या आतले चित्र काढणारे यंत्र चांगले की वाईट, हे ठरवायचे कसे? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. चित्र जितके स्वच्छ, तितके यंत्र चांगले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात काम केलेले रॉबर्ट वॅग्नर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते, २००८ साली ते वारले. वैद्यकीय चित्रयंत्रांचे मोजमाप कसे करावे, या एकाच विषयावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या कामाचे सार साध्या भाषेत सांगायचे तर असे: चित्र नुसते ‘चांगले’ कधी नसते. ते कोणत्या कामासाठी काढले आणि ते वाचणार कोण, हे सांगितल्याशिवाय चांगले-वाईट ठरवता येत नाही. हाड मोडले आहे का हे पाहण्यासाठी उत्तम असलेले चित्र फुप्फुसातला बारीक डाग शोधायला निकामी ठरू शकते.

यंत्राच्या चुकाही दोन प्रकारच्या असतात. आजार असताना नाही म्हणणे ही एक, आणि आजार नसताना आहे म्हणणे ही दुसरी. एक कमी करायला गेले की बहुधा दुसरी वाढते. म्हणून ‘आमचे यंत्र ९५ टक्के अचूक आहे’ असे कोणी सांगितले, तर कोणती चूक मोजली आणि कोणती झाकली, हे विचारावे लागते. शिवाय यंत्र एकच असले तरी वाचणारे डोळे वेगवेगळे असतात. १९९६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ७९ स्त्रियांची मॅमोग्राफीची चित्रे १०८ रेडिऑलॉजिस्टना वाचायला दिली होती. तीच चित्रे, पण निष्कर्षांत मोठा फरक पडला. म्हणजे यंत्राच्या परीक्षेत ते वाचणाऱ्या माणसाचीही परीक्षा आलीच.

१९९१ साली डेनिस फ्रायबॅक आणि जॉन थॉर्नबरी या दोघांनी ही सगळी परीक्षा सहा पायऱ्यांत मांडली. पहिली पायरी, चित्र नीट येते का. दुसरी, त्यावरून आजार बरोबर ओळखता येतो का. तिसरी, चित्र पाहून डॉक्टरचे मत बदलते का. चौथी, उपचार बदलतात का. पाचवी, त्या उपचारांमुळे माणूस जास्त जगतो का, त्याचे दुखणे कमी होते का. आणि सहावी, समाजाचा त्यात फायदा आहे का. यंत्र विकणारा सहसा पहिल्या दोन पायऱ्यांबद्दल बोलतो. आपल्या उपयोगाच्या असतात त्या शेवटच्या दोन.

सहावी पायरी आपल्या जिल्ह्यांना कोणी शिकवायला नको. सोनोग्राफीचे यंत्र पहिल्या पाच पायऱ्यांवर उत्तम उतरले आहे. बाळ आडवे आहे का, वार खाली आहे का, जुळी आहेत का हे आधी कळल्यामुळे असंख्य बायका वाचल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण याच यंत्राला आपल्याकडे दुसरे काम लावले गेले. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या, साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत फक्त ८५१. ऊस, द्राक्षे, दूध, साखर कारखाने, शिक्षणसंस्था असे सगळे असलेले हे जिल्हे. चित्र स्वच्छ होते, वाचणाराही हुशार होता. काम कोणते, हा वॅग्नर यांचा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

तो विचारला बायकांनी. १९८० च्या दशकात मुंबईतल्या स्त्रीसंघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी मोहीम चालवली, म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानावर कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहिला, तेव्हा २००० साली ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. साताऱ्यात अ‍ॅड. वर्षा देशपांडे आणि दलित महिला विकास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी गरोदर बायकांना सोबत घेऊन सोनोग्राफी केंद्रांवर सापळे लावले. आपल्या पोटातल्या बाळासह खोट्या गिऱ्हाइकाची भूमिका करणाऱ्या त्या बायकांचे धैर्य आपण पुरेसे नोंदवलेले नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावे देण्याचा समारंभ झाला. सांगलीचा आकडा २०११ मध्ये ८६७ पर्यंत चढला. आणि तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याजवळ पुरलेली १९ अर्भके सापडली. एका तरुण बाईचा गर्भपातात जीव गेला, म्हणून ते प्रकरण उघडकीला आले.

सोनोग्राफीची ही हकिगत सांगण्यामागे माझा हेतू यंत्राला शिव्या देण्याचा नाही. त्या यंत्राची सहावी पायरी आधी कोणी तपासली नाही, आणि ती तपासायला बायकांना पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर आणि कोर्टात उभे राहावे लागले, एवढेच मला दाखवायचे आहे. आता स्तनांच्या कर्करोगाच्या निमित्ताने नवी चित्रयंत्रे आपल्या दारात येत आहेत. इथे मुख्य प्रश्न पाचव्या पायरीचा आहे: चित्र काढल्याने बाई वाचते का? डॉ. मित्रांचे काम नेमके याच पायरीवरचे.

मॅमोग्राफीची गोष्ट थोडी मागे जाऊन पाहू. १९७७ साली स्वीडनमध्ये दोन परगण्यांत मोठा प्रयोग सुरू झाला. काही बायकांना मॅमोग्राफीला बोलावले, काहींना नाही. १९८५ साली त्याचा निकाल आला की बोलावलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी होते. साहजिकच श्रीमंत देशांनी मॅमोग्राफीच्या मोठ्या योजना आखल्या. पण १९८० साली कॅनडात अँथनी मिलर आणि कॉर्नेलिया बेन्स यांनी जवळजवळ ९० हजार बायकांना घेऊन वेगळा प्रयोग सुरू केला होता. त्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्या बायकांची दरवर्षी हाताने नीट तपासणी होई आणि निम्म्या बायकांची त्याशिवाय मॅमोग्राफीही होई. प्रश्न असा की हाताने तपासल्यावर वर चित्र काढून जास्तीचे काही मिळते का? पुढे २०१४ साली पंचवीस वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही गटांतले मृत्यू जवळपास सारखेच होते. उलट मॅमोग्राफीने सापडलेल्या आक्रमक कर्करोगांपैकी सुमारे २२ टक्के असे होते, की ते सापडले नसते तरी त्या बाईला आयुष्यात त्रास झाला नसता. म्हणजे इतक्या बायकांनी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि भीती विनाकारण सोसली. या प्रयोगावर कडक टीकाही झाली. त्यातली यंत्रे चांगली नव्हती, बायकांची वाटणी काटेकोर नव्हती, असे आक्षेप आहेत. वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी असे सांगितले आहे, तर २०१४ साली स्विस वैद्यकीय मंडळाने नव्या योजना सुरू करू नयेत असे म्हटले होते. शहाण्या, शिकलेल्या, प्रामाणिक माणसांत इतका मतभेद असेल, तर शिबिराच्या फलकावर ‘मॅमोग्राफी करा, जीव वाचवा’ एवढेच लिहून भागणार नाही.

या वादात डॉ. मित्रांनी १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. मॅमोग्राफीशिवाय, केवळ हाताने होणाऱ्या तपासणीची बाजू त्यांनी त्यात मांडली. मॅमोग्राफीचा जयजयकार चाललेला असताना, भारतातल्या एका शल्यविशारदाने हे म्हणावे याला धाडस लागते. पुढे २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हाच प्रश्न त्यांनी आणखी तिघांबरोबर मांडला. त्या तिघांत हेझेल थॉर्नटन या होत्या. त्या डॉक्टर नव्हेत. १९९१ साली मॅमोग्राफीतून स्वतःच्या स्तनात दोष निघाल्यावर त्यांनी डॉक्टरांना प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पुढे वैद्यकीय प्रयोगांत रुग्णांचे म्हणणे ऐकले जावे म्हणून ब्रिटनमध्ये काम उभे केले. तपासल्या जाणाऱ्या बाईचे नाव तपासणाऱ्यांच्या यादीत यावे, ही मला या साऱ्या इतिहासातली फार महत्त्वाची गोष्ट वाटते.

नुसते लेख लिहून डॉ. मित्रा थांबले नाहीत. आपल्या देशात मॅमोग्राफीची योजना सगळ्या बायकांपर्यंत नेणे पैशाने आणि माणसांनी शक्य नाही. शिवाय आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षे आधीच्या वयात दिसतो आणि तरुण वयात स्तन दाट असल्याने एक्स-रेच्या चित्रात गाठ लपते. मग हाताने तपासणी केली तर मृत्यू कमी होतात का, हे इथेच, आपल्या बायकांत पाहिले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाचा प्रयोग सुरू झाला. त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून पैसा मिळाला. वस्त्यांचे वीस गट पाडले, त्यातले दहा चिठ्ठ्या टाकावेत तसे तपासणीसाठी निवडले आणि दहा तुलनेसाठी ठेवले. ३५ ते ६४ वयाच्या एकूण १,५१,५३८ बायका त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. त्यांनी दर दोन वर्षांनी एकदा, अशी चार वेळा प्रत्येक बाईची तपासणी केली. त्यानंतरही वर्षानुवर्षे घरोघर जाऊन कोण आजारी पडले, कोण वारले याची नोंद ठेवली.

निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर यायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. तपासणीच्या गटात कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडले. उशिराच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ वर आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट सुमारे १५ टक्के दिसली, पण ती योगायोगाची नाही असे खात्रीने म्हणण्याइतकी पक्की नव्हती. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. हे सगळे त्यांनी जसेच्या तसे छापले. ज्या पद्धतीची बाजू आपण आयुष्यभर मांडली, तिचा निम्मा निकाल मनासारखा आला नाही, हे जगापुढे ठेवणे याला मी विज्ञान म्हणते.

याच प्रयोगात गर्भाशयमुखाचीही तपासणी झाली. पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे आपल्या शिरक्यासारखा द्राव, लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. त्याचा निकाल डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात चित्र काढणारे यंत्र नव्हते, वीज लागत नव्हती. लागला तो शिकवलेला डोळा, आणि दारात परत परत जाणारी बाई.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. पहिली, मुंबईच्या प्रयोगात मॅमोग्राफीचा गट नव्हता. त्यामुळे हात सरस की यंत्र, याचा थेट निकाल त्यातून लागत नाही. पन्नाशीनंतर सेविकेच्या हाताने जीव वाचू शकतात, एवढे मात्र त्याने दाखवले. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. तुलनेच्या गटातल्या बायकांना कर्करोगाची माहिती दिली गेली, पण तपासणी दिली गेली नाही. हे नीतीला धरून होते का, असा आक्षेप परदेशातून जाहीरपणे घेतला गेला, विशेषतः गर्भाशयमुखाच्या बाबतीत, कारण ती तपासणी श्रीमंत देशांत केव्हाच रूढ झाली होती. आपण स्त्रीवादी म्हणून हा आक्षेप झटकून टाकू शकत नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना संशोधनपद्धतीच्या तासाला ‘तुलनेचा गट’ हे शब्द आम्ही वहीत उतरवून घेत होतो. वस्तीत काम करू लागल्यावर कळते की त्या शब्दामागे नावा-गावाच्या, मुलाबाळांच्या हजारो बायका असतात. मला वाटते, ज्या बायकांच्या मरणाची मोजणी करून हे ज्ञान मिळाले, त्यांचे ऋण फेडायचा एकच मार्ग आहे: ते ज्ञान वापरणे. ते कपाटात ठेवणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय.

आणि तो चालू आहे. केंद्र सरकारने २०१६ साली आराखडा काढला. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रात, प्रशिक्षित सेविकेकडून व्हावी, असे त्यात आहे. म्हणजे मुंबईच्या वस्तीतली पद्धत कागदावर देशाने स्वीकारली. प्रत्यक्षात काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले, तेव्हा आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झाली असे सांगणाऱ्या देशभरात शंभरात एकही पुरती भरली नाही, ०.९ टक्के. गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या १.९ टक्के.

आता आपल्याकडे काय दिसते ते सांगते. पाटण, जावळीच्या डोंगरातल्या वाड्या असोत की जत, आटपाडीची दुष्काळी गावे, शिबिर येते आणि जाते. मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात. पण जतच्या बाईला मिरजेला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, सोबत कोणीतरी लागते आणि घरातून परवानगी लागते ती वेगळीच. शिबिरानंतर वस्त्यांत फिरताना मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले रिपोर्ट पाहिले आहेत. इंग्रजीत लिहिलेले, कोणी समजावून न सांगितलेले. एका बाईच्या कागदावर ‘पुन्हा तपासणी आवश्यक’ अशा अर्थाची ओळ होती. तिने विचारले, “ताई, म्हणजे मला झालंय का नाही?” सहा महिने ती या एका प्रश्नावर झोपली नव्हती आणि घरात कोणाला बोललीही नव्हती, कारण धाकट्या मुलीचे लग्न जमत होते. पुढे तपासणीत काही निघाले नाही. यंत्राच्या दृष्टीने ही किरकोळ चूक. त्या सहा महिन्यांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

उलटही पाहिले आहे. कडेगाव भागातल्या एका बाईला छातीत गाठ लागली होती. दुखत नाही म्हणून ती गप्प होती. तिला बोलते केले ते गावातल्या आशाताईंनी, दुसऱ्याच कामाला घरी गेल्या असताना. आशाताई तिला घेऊन गेल्या, दोनदा तारीख चुकली तरी तिसऱ्यांदा घेऊन गेल्या. तिथे मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला गेला आणि उपचार सुरू झाले. त्या ठिकाणी यंत्र हवेच होते. गाठ लागली असेल तर मॅमोग्राफी टाळू नये, हे या लेखाच्या निमित्ताने मला ठळकपणे सांगायचे आहे. माझा वाद आहे तो गाठ नसलेल्या हजारो बायकांपुढे यंत्र आणून उभे करण्याशी आणि पुढची वाट न बांधता निघून जाण्याशी.

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल तर अधिकच सावध राहिले पाहिजे. कपडे काढायला परका माणूस नको, चिमटा बसत नाही, किरण नाहीत. हे सगळे आपल्या बायकांना हवेहवेसे वाटणारच. पण असे चित्र मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ पासून वारंवार दिला आहे. लाजेवर उपाय म्हणून अपुरी परीक्षा झालेले यंत्र पुढे करणे हा बायकांच्या लाजेचा फायदा घेणे झाले. लाजेवरचा उपाय आरोग्य केंद्रातल्या सेविकेला शिकवणे, आडोशाची खोली देणे आणि तिला वेळ देणे हा आहे.

म्हणून माझे मत असे आहे. आपल्या जिल्ह्यांत बायकांच्या तपासणीसाठी कोणतेही यंत्र येईल, तेव्हा महिला मंडळांनी आणि ग्रामसभांनी नारळ फोडण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. हे यंत्र नेमके कोणत्या कामासाठी? कोणत्या वयाच्या, कुठल्या बायकांवर त्याची परीक्षा झाली, आणि त्यात फक्त चित्र मोजले की जगणे-मरणेही मोजले? किती जणींना उगाच भीती घातली जाईल आणि किती जणी सुटून जातील? चित्र कोण वाचणार आणि रिपोर्ट मराठीत कोण समजावणार? काही निघाले तर ती बाई कुठे जाणार, कोणाबरोबर जाणार आणि खर्च कोण देणार? पाचव्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय शिबिराला होकार देऊ नये.

याच्या जोडीला एक मागणी करायला हवी. २०१६ चा आराखडा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत किती राबवला गेला, किती सेविकांना हाताने तपासणी करायचे प्रशिक्षण मिळाले, किती बायका तपासल्या, किती पुढे पाठवल्या आणि त्यातल्या किती उपचारांपर्यंत पोचल्या, याचे तालुकावार आकडे जिल्हा परिषदेने दर वर्षी जाहीर करावेत. मुंबईच्या सेविकांनी वीस वर्षे दारोदार फिरून जो पुरावा उभा केला, तोच हात आज आपल्या आशाताईंचा आणि परिचारिकांचा आहे. तो हात शिकवायचा तर त्यांना प्रशिक्षण द्यावे लागेल, आणि कामाचा पुरता मोबदला द्यावा लागेल. यंत्रासाठी देणगीदार मिळतो, त्याच्यावर नाव कोरता येते. सेविकेच्या हातावर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी पैसा निघत नाही, असा माझा अनुभव आहे.

सोनोग्राफीच्या वेळी आपण उशिरा जागे झालो असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्या लढ्याने आपल्याला यंत्राला प्रश्न विचारायला शिकवले. तेच प्रश्न एका संशोधकाने मुंबईच्या वस्त्यांत शास्त्राच्या शिस्तीने विचारले आणि अर्धे-मुर्धे का होईना, खरे उत्तर मिळवले. येत्या महिला दिनाच्या शिबिराची तयारी तुमच्या गावात सुरू झाली असेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा, आणि आयोजकांकडून काय उत्तरे मिळाली ती आम्हाला कळवा.